उंबऱ्याला साखर झाली

हे आई मनुदेवी, सातपुड्याच्या कुशीत बसून तू तापीकाठच्या लेकरांवर नजर ठेवतेस. डोंगर तुझा, हे कोणीही सांगेल. पण कुजक्या पानावर कापसासारखी फुटणारी बुरशीही तुझीच, दुधाचे दही करणारे विरजणही तुझेच, आणि डोळ्यांना न दिसणारे, तरीही क्षणभर काम न थांबवणारे सूक्ष्म जीवही तुझेच. त्यांना तू हात दिले नाहीस. हातांच्या जागी विकरे दिलीस. एकेक विकर म्हणजे एकेका कामाचे अवजार. कोणते पिठाची साखर करते, कोणते लाकूड पचवते, कोणते क्षारात विरलेल्या चांदीला पुन्हा चांदीपण देते. इतके दिलेस, पण त्या जीवांना खोटे बोलण्याची कला तेवढी दिली नाहीस. ती राखून ठेवलीस, माते, आणि दिलीस कोणाला? तर रावेरच्या लीलाधराला!

सज्जनहो, हा लीलाधर कोणी राक्षस नव्हे. राक्षसाला निदान उंची असते. हा मध्यम बांध्याचा, मध्यम बुद्धीचा, भांग नीट पाडलेला, आणि आपण मध्यम आहोत हे कोणाच्या ध्यानात येऊ नये यासाठी जन्मभर राबणारा मनुष्य. देवाने घडवलेला आहे, म्हणून त्याच्यावर माया करणे भाग आहे; आणि माया करणे भाग आहे, म्हणूनच त्याला झोडपणे भाग आहे. ज्याच्यावर जीव नाही, त्याच्यासाठी कोण आपली जीभ झिजवतो?

वडील लवकर गेले. आई कमलबाई हिने रावेरच्या शिवारातली केळीची बाग एकटीने राखली आणि त्या बागेच्या जिवावर पोराला शिकवले. ठिबकच्या नळ्या यायच्या आधीचे ते दिवस. आईने पाटाचे पाणी द्यायला धाडले, की हा रस्त्याकडची रांग चिंब भिजवून घरी येई. कारण येणाऱ्याजाणाऱ्याला तीच रांग दिसे. आतली झाडे माना टाकत.

“लीलू,” कमलबाई म्हणे, “केयीले डोये नसतात रे बाप्पा, पन तहान असते.”

पोरगा हसे. पुढे जे जे घडले, ते ते त्या रस्त्याकडच्या ओल्या रांगेत आधीच उगवलेले होते.

तो जळगावला गेला, पिंप्राळ्यात खोली घेतली, सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी मिळवली आणि एका संशोधनशाळेत हंगामी मदतनीस म्हणून लागला. तिथे मोहिनीताई नावाची संशोधिका होती. केळीच्या बागेतल्या मातीतून तिने एक बुरशी वेगळी केली होती. ती बुरशी पाण्यात वाढवायची, गाळून बाजूला काढायची आणि मागे उरलेल्या पाण्यात चांदीचा क्षार घालायचा. बुरशीने त्या पाण्यात सोडलेले विकर क्षाराशी भिडे, आणि दृष्टीच्या कक्षेबाहेरचे चांदीचे नॅनोकण तयार होत. पाणी फिकट असे ते हळूहळू तपकिरी होई. असे कण जंतूंना जगू देत नाहीत. जखमांच्या औषधासाठी ते कितपत उपयोगी पडतील, हे ती तपासत होती.

आता इथे नीट लक्ष द्या, कारण लीलाधराने जन्मात जिथे लक्ष दिले नाही ती जागा हीच. मोहिनीताई नेहमी दोन बाटल्या मांडी. पहिलीत बुरशीचे जिवंत विकर असलेले पाणी. दुसरीत तेच पाणी, पण आधी खळखळून उकळलेले. उष्णतेने विकर मरते. दोन्हींत सारखाच क्षार, आणि दोन्ही अंधाऱ्या कपाटात, कारण नुसत्या उन्हानेही तो क्षार काळवंडतो. पहिली तपकिरी व्हावी आणि दुसरी जशीच्या तशी राहावी, तेव्हाच म्हणता येते की काम विकराने केले. दुसरी म्हणजे तुलनेची बाटली. ती काही करत नाही, आणि तिचे काही न करणे हीच तिची साक्ष.

एकदा पाहुणे यायचे होते, म्हणून लीलाधराने कपाट आवरले आणि तुलनेच्या साऱ्या बाटल्या मोरीत ओतल्या.

“लीलाधर, दुसऱ्या बाटल्या कुठे आहेत?” मोहिनीताईने विचारले.

“ताई, त्या नुसत्याच बसून होत्या. रंग नाही, काही नाही. पाहुण्यांपुढे बरं दिसलं नसतं.”

“नुसत्या बसून होत्या? अरे, त्या साक्षीदार होत्या! तू साक्षीदार मोरीत ओतलास!”

“रंग आलेल्या बाटल्या तर ठेवल्यात ना?”

मोहिनीताईने त्याच्याकडे एकदा पाहिले, बरणीच्या झाकणावर जमलेल्या धुळीकडे पाहावे तसे, आणि दुसऱ्या दिवसापासून येऊ नकोस म्हणून सांगितले. हा महापुरुष घरी परतला तो पश्चात्तापाने नव्हे; आपल्याला चांदी करता येते, या आनंदाने!

रावेरला त्याने बसस्थानकाच्या वाटेवर, घरासमोरच, गाळा घेतला. कामिनी नावाची समजूतदार मुलगी त्याच्या घरात सून म्हणून आली, आणि गाळ्यावर पाटी लागली: ‘चंदेरी जैव-नॅनो केंद्र’. औषधाचे नाव रौप्यधारा. केळीच्या कोणत्याही रोगावर, मुळाच्या असो वा पानाच्या, एकच इलाज. सुरुवातीच्या बाटल्यांत चांदीचा क्षार खरोखर होता. गिऱ्हाईक आले की हा फिकट पाण्याची एक बाटली पायरीवर उन्हात ठेवी, चार गोष्टी सांगे, आणि गोष्टी संपेपर्यंत पाणी तपकिरी झालेले असे. बुरशीचे विकर त्यात होते की नव्हते, हे देवाला ठाऊक. काम ऊन करत होते आणि श्रेय लीलाधर घेत होता.

“लीलाधर भो,” उखर्डू आबांनी बाटली डोळ्यांजवळ धरून विचारले, “चांदी तं पांढरी राह्यते. हे तं चहासारखं दिसते.”

“आबा, कण इतका बारीक झाला की चांदीचाही रंग पालटतो.”

“मंग मह्या म्हातारीच्या पैंजनापासी नको आनू हे पानी. चहा होईन त्यायचा!”

ओट्यावरचे सगळे हसले आणि आबांनी बाटली घेतली. गंमत पाहा, लीलाधर जे बोलला ते अक्षरशः खरे होते. चांदीचा नॅनोकण तपकिरीच दिसतो. मूर्ख मनुष्य खोटे सांगताना खोटेच सांगतो. लबाड मनुष्य खोट्याच्या अंगावर खऱ्याची शाल घालतो. साक्रीहून पाहुणे म्हणून आलेल्या एका नानांनी विचारले, “भाऊ, हाई मिरचीलेबी चाली का?” मिरचीलाही चालली. कापसालाही चालली. न चालण्याचे काही कारणच नव्हते, कारण ती कशावरही चालत नव्हती.

पुढे तो क्षार आणण्याचा कंटाळा आला. तो महाग, तो जळगावहून मागवायचा, त्याने हाताला डाग पडायचे. रंगच दाखवायचा आहे ना? लीलाधराने स्वयंपाकघरातला काळा गूळ उचलला, पाण्यात उकळला, गाळला आणि बाटल्यांत भरला. कसा सुरेख तपकिरी! उन्हात ठेवायचीही गरज नाही.

“गुळाचा डबा पुन्हा रिकामा,” कामिनी चुलीपासून म्हणाली. “आता पाहुण्यांना चहा करू, की शेतकऱ्यांची चांदी करू? एकदा काय ते ठरवून सांगा.”

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. मोठ्यानं बोलायला लाज वाटते.”

विद्या खोटी नव्हती, सज्जनहो. बुरशी खोटी नव्हती. विकर खोटे नव्हते. चांदी खोटी नव्हती, आणि बिचारा गूळ तर अजिबात खोटा नव्हता. त्या साऱ्या साखळीत खोटा पडला तो एकटा मनुष्य.

देव अशांना फार दिवस वाट पाहायला लावत नाही. कमलबाईला मधुमेह होता, जुना. ती त्याला साखर म्हणे: मले साखर झाली, माही साखर वाढली. पायांची संवेदना जवळजवळ गेलेली. बागेत ठिबकच्या तुटक्या नळीने अंगठा कापला, ते तिला घरी येऊन रक्ताची पावले दिसल्यावर कळले. तिने दवाखाना केला नाही. मुलाच्या फळीवरची बाटली घेतली, फडके भिजवले आणि बांधले. लीलाधराने ते गाळ्यातून पाहिले. समोर गिऱ्हाईक बसलेले होते. त्याने तोंड उघडले आणि गिऱ्हाइकाला विचारले, “किती बाटल्या देऊ?”

ऐकलेत? आईच्या उघड्या जखमेवर गुळाचे पाणी, आणि पुत्र विचारतो आहे, किती बाटल्या देऊ!

गिऱ्हाईक गेल्यावर तो चाचरत म्हणाला, “आई, ते केळीचं औषध आहे.”

“केयीले चालते, तं मले काबर नाही चालनार? ज्या केयीवर तू वाढला, तिच्यावरच मी वाढली.”

एवढ्यावर तो गाळ्यात परतला. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते, आणि ते वाक्य त्याच्या भांगाइतके नीट नव्हते.

मग मुंग्या आल्या. कमलबाई बाजेवर पाय लांब करून बसली की भिंतीच्या फटीतून काळ्या मुंग्यांची ओळ निघे, बाजेच्या पायावरून चढे आणि पट्टीपाशी पोचे. दुसरी कोणी घाबरली असती. कमलबाई हरखली. शेजारच्या सुगंधाबाईला तिने हाक मारली.

“पाह्य व माय, पाह्य! माह्या पायातली साखर भाईर येऊ राह्यली. लीलूच्या दव्यानं ओढून काढली. मुंग्या काय येड्या हायेत?”

सुगंधाबाईने वाकून पाहिले, मुंग्यांना मनोभावे हात जोडले आणि म्हणाली, “कमलआक्का, माह्या धन्याची साखर चारशाच्या वर हाये. एक बाटली त्याच्यासाठी ठेव.”

एका शब्दाने केवढा घात केला पाहा. रोगाचे नाव साखर, डब्यातलीही साखर. मग मुंगी आली म्हणजे रोग बाहेर पडला, हा हिशेब त्या ओट्यावर कोणाला चुकीचा वाटावा? दुखतही नव्हते; संवेदनाच मेलेली, दुखेल कुठून? ज्यांच्या घरात साखर होती त्या बायका येऊन ओट्यावर बसू लागल्या. त्या भोळ्या जिवांना हसू नका. त्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यावर विश्वास ठेवला. हसायचे तर त्याला हसा, जो त्या बायकांची रांग पाहून घटकाभर, होय, घटकाभर का होईना, मनात नव्या लेबलाचा मजकूर जुळवत होता!

मग वास आला. आंब्याच्या अढीत एखादा सडावा तसा गोडसर, कोंदट वास. पट्टी सोडली तेव्हा अंगठा निळाकाळा झालेला होता. कामिनीने नवऱ्याला दंडाला धरून डॉक्टरांकडे धाडले. रावेरचे डॉक्टर घरी आले, पाय पाहिला आणि बाहेर येऊन म्हणाले, “आजच जळगाव. उशीर झाला तर अंगठ्यावर भागणार नाही, पाय जाईल. त्यानंतरचं मी बोलत नाही.”

कमलबाईने पाय पोटाशी ओढून घेतला. “मी नाही जानार. साखर निंघू राह्यली माही. अर्धी निंघाली. आता त्या दवाखान्यात जाऊन पाय कापून घेऊ का?”

“आई, औषधाचं काम झालं आता,” लीलाधर म्हणाला. “पुढचं दवाखान्यात.”

“काम झालं कसं? मुंग्या अजून येतातच नं!”

पाहा, आपल्याच लबाडीचे फळ त्याच्याशी वाद घालत होते, आणि जिंकत होते. त्याने आर्जवे केली, शपथ घातली, डॉक्टरांचा फोन जोडून दिला. कमलबाई हलेना. तिचा विश्वास मोडल्याखेरीज तिचा पाय वाचत नव्हता, आणि तो विश्वास ज्याच्यावर होता तो मनुष्य हाच.

शेवटी त्याने मोहिनीताईला फोन केला. इतक्या वर्षांनी.

“जखम आहे, ताई. आईला. साध्या गोळ्यांनी उतरणार नाही, असं डॉक्टर म्हणतात.”

“कुठलं औषध लावलंत?”

“घरचंच, ताई.”

“लीलाधर, तुझं ते चंदेरी केंद्र मला माहीत आहे. काय होतं बाटलीत?”

“गूळ.”

ती म्हणाली, “साखरेच्या रुग्णाच्या जखमेत तू गूळ घातलास. जंतूंना पंगत वाढलीस. ऐक, काही जंतूंकडे असं विकर असतं, की औषधाचा रेणूच ते मधोमध कापून टाकतं. म्हणून औषध घेतलं तरी ते मरत नाहीत. कोणतं औषध कापलं जात नाही, हे जखमेतला नमुना वाढवून पाहावं लागतं. ते आम्ही पाहू. पण आधी त्यांना इथे आण.”

“ती येत नाही. म्हणते, औषध लागू पडतंय. मुंग्या येतात ना.”

“मग खरं सांग.”

“सांगितलं तरी पटणार नाही तिला. म्हणेल, दवाखान्यात न्यायला खोटं बोलतो.”

“तर मग तुलनेची बाटली मांड,” मोहिनीताई म्हणाली. “आठवते ना? ती नुसती बसून असायची.” आणि फोन ठेवला.

लीलाधर फळीवरची बाटली घेऊन घरी आला. ओट्यावर सुगंधाबाई आणि दोघीतिघी बसलेल्या. त्या जाव्यात म्हणून तो खांबाला टेकून उभा राहिला. अहो, आईचा पाय सडतो आहे आणि हा प्रेक्षक उठण्याची वाट पाहतो आहे! पण बायका उठल्या नाहीत. कामिनी दारात आली, त्याच्या हातातली बाटली पाहिली आणि काही न बोलता आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्या दुसऱ्या हातात दिला.

मग तो उंबऱ्याशी बसला. सकाळचे हळदीकुंकू उंबऱ्यावर अजून ताजे होते. त्याने डाव्या टोकाला बाटलीतले थोडे ओतले आणि उजव्या टोकाला तांब्यातले साधे पाणी.

“अरे, उंबऱ्यावर काय सांडू राह्यला?” कमलबाई बाजेवरून ओरडली. “लक्षुमी येते तेथून!”

“बसून पाहा, आई. तुम्हीही पाहा, सुगंधाकाकू.”

कोणाला काही कळेना. पाणी पसरले, उजवीकडचे वाळू लागले. मग भिंतीच्या फटीतून एक मुंगी निघाली, हळदीला वळसा घालून डावीकडे वळली. मागून दुसरी. मागून ओळ. उजव्या टोकाकडे एकही फिरकली नाही; तिथे नुसता ओला दगड होता, काहीही न करणारा.

“आई,” लीलाधर म्हणाला. “उंबऱ्याला साखर झाली का?”

सुगंधाबाई आधी खुदकन हसली. मग तिने उंबऱ्याकडे पाहिले, कमलबाईच्या पायाकडे पाहिले, आणि पदर तोंडावर घेतला.

“गुय?” कमलबाईने विचारले.

“गूळ.”

“पयल्यापासून?”

“आधी चांदी होती. मग गूळ.”

“कोन्ता गुय?”

“काळा. आपल्या डब्यातला.”

“म्हंजे माह्याच घरचा गुय तू बाटलीत घालून माह्याच पायाले चारला,” ती सावकाश म्हणाली, “आन् मी बसली गावभर पोराचं नाव सांगत. मुंगीले कयलं रे. मले नाही कयलं.”

त्याने मान वर केली नाही. बायकांसमोर, शेजाऱ्यांसमोर, ज्या रांगेला तो जन्मभर रस्त्याकडची रांग समजत आला होता तिच्यासमोर, तो तसाच बसून राहिला. पण एवढे मान्य करावे लागेल, सज्जनहो: त्या घटकेला त्याने जन्मात पहिल्यांदा आतली रांग भिजवली.

“उठव मले,” कमलबाई म्हणाली. “गाडी बोलाव.”

जळगावला अंगठा काढावा लागला. जखमेतला नमुना मोहिनीताईच्या संशोधनशाळेत गेला. काचेच्या तबकडीवर जंतू पसरले, त्यावर निरनिराळ्या औषधांच्या टिकल्या ठेवल्या. बहुतेक टिकल्यांना जंतू खेटून वाढले. त्यांच्या विकराने ती औषधे केव्हाच कापून टाकली होती. एका टिकलीभोवती मात्र स्वच्छ कडे पडले, खळे पडलेल्या चंद्रासारखे. तेच औषध दिले गेले. विष पसरायचे थांबले, पाऊल राहिले. लीलाधराने आणलेली बाटलीही तिने तपासली: चांदीचा मागमूस नाही, यीस्ट भरपूर. “आणखी थोडे दिवस ठेवली असतीस,” ती म्हणाली, “तर निदान दारू म्हणून तरी खरी ठरली असती.”

मग तो पाटी उतरवून घरोघर सांगत फिरला. त्यातही त्याचा स्वभाव पाहा: सुरुवात त्यांच्यापासून केली, जे बाटली विसरूनही गेले होते. उखर्डू आबांकडे सर्वांत शेवटी गेला. आबा म्हणाले, “मी तं पयल्याच दिवशी म्हनलं होतं, चहा हाये म्हनून. तू ऐकलं नाही.”

आता तो केळीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये फण्या धुतो. भांग अजून नीट पाडतो. कधी घरात काही फुशारकी मारू लागला, की कमलबाई बाजेवरून एवढेच म्हणते, “उंबऱ्याले इचार.” कामिनी तेच म्हणते. परवा सुगंधाबाईनेही म्हटले. तो वाक्य अर्धेच सोडून शेडच्या वाटेला लागतो.

हे आई मनुदेवी, ज्याला आम्ही इतके झोडपले, तो तुझाच आहे. त्याच्या वाणीला तुझ्या सूक्ष्म जीवांचा धर्म दे. त्यांच्यासारखे तिला खोटे बोलता न येवो. कमलबाईचे वाचलेले पाऊल तिच्या बागेत हिंडत राहो. कामिनीच्या डब्यातला गूळ चहालाच पुरो. मोहिनीताईच्या कपाटात त्या नुसत्या बसणाऱ्या बाटल्या अखंड राहोत. आणि त्या घराचा उंबरा, ज्यावरून लक्ष्मी येते आणि ज्याच्यावर एकदा सत्यही आले, तो रोज हळदीकुंकवाने भरलेला राहो. लीलाधरा, सुखी राहा. तुझे घर सुखी राहो. आतली रांग कधी कोरडी न पडो.